सुटलेले पान

मित्रांनो, मी एक जुने बैठे मेज आहे, आणि आधीच कबूल करते की मला स्थिर बसता येत नाही. माझा मागचा डावा पाय सुपारीच्या खांडाएवढा आखूड आहे. कोणी कोपर टेकले की मी तिकडे कलते, कोपर उचलले की खट्कन परत येते. भल्या घरची मेजे अशी वागत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यात माझा दोष नाही.

मला देवासला खंडोजी सुतारांनी घडवले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे दुकान होते. पाडलेल्या एका घराच्या सागवानी दारातून त्यांनी माझी फळी काढली, म्हणून माझ्या पोटाला अजून कडीचे भोक आहे. त्याच दुपारी त्यांना मेहुण्याच्या लग्नाला निघायचे होते. बायको नवे लुगडे नेसून दारात, टांगा रस्त्यावर. तीन पाय त्यांनी मापाने कापले, चौथा नजरेने. "आलो की नीट करून देतो, मास्तर," म्हणाले. अजून यायचे आहेत.

मास्तर म्हणजे भास्करराव पोतनीस. घराण्यात कधीकाळी दरबारची पोतनिशी, म्हणजे खजिन्याचे काम, होती. भास्कररावांच्या वाट्याला सरकारी शाळा आली. त्यांची बदली अमझेऱ्याला झाली तेव्हा मी बसच्या टपावर, चार पाय आभाळाकडे करून, धार जिल्ह्यात दाखल झाले. त्यांचा मुलगा माझ्यावर पाढे पाठ करायचा. एकोणतिसाचा काही केल्या येईना, तेव्हा त्याने तो कंपासच्या टोकाने माझ्यावर कोरूनच टाकला. त्यात एक आकडा चुकला आहे. तो मुलगा पुढे गणिताचाच मास्तर झाला. आज अख्खे गाव त्याला अण्णा म्हणते.

मग घरात लोखंडी टेबल आले आणि मी मागच्या पडवीत गेले. आधी माझ्यावर पापडाचे डबे होते, मग रिकामे डबे, मग नुसती धूळ. आठ वर्षे माझ्यावर कोणी एक अक्षर लिहिले नाही. मित्रांनो, हलता येत असून कोणी हलवत नाही, याच्याइतका कंटाळा जगात नाही.

तिथून मला नेमतुल्ला घेऊन गेले. ते अण्णांचे शाळासोबती. आठवीपर्यंत दोघे एका बाकावर. पोतनिसांच्या स्वयंपाकघरात पोळ्या खाता खाता नेमतुल्ला मराठी शिकले, आणि ती अजून तशीच बोलतात, जुनी आणि तुपाची. आठवीनंतर ते बाहेरगावी गेले आणि हाफिज होऊन परतले. हाफिज म्हणजे ज्याला अख्खे कुराण तोंडपाठ आहे असा माणूस. मशिदीमागच्या दोन खोल्यांत त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. तेव्हा अण्णा म्हणाले, "पडवीत एक मेज पडलंय. डुगडुगतं, पण आहे सागवानी."

"द्या मग," हाफिजजी म्हणाले. "मुलंही डुगडुगतातच."

पहिल्याच आठवड्यात अण्णा पुठ्ठ्याची घडी घेऊन आले, माझ्या पायाखाली सारायला. हाफिजजींनी त्यांचा हात धरला. "असू द्या, अण्णा भिया. जो पोरगा घाबरून दाबून लिहितो, त्याचं मेज हलतं. मला न विचारता कळतं कोण घाबरलाय. त्याला मी जवळ बसवतो."

तेव्हापासून मी त्या खोलीत आहे. अडतीस वर्षे झाली. पहाटेची फजरची नमाज झाली की मुले येतात, साडेसातला आपापल्या शाळेत पळतात. मी पुष्कळ शिक्षक पाहिले नाहीत, तीनच पाहिले, पण हाफिजजींचे काही मला फार आवडते. मुलांनी सलाम करायची वाट ते पाहत नाहीत, दारात पाऊल पडले की स्वतःच आधी करतात. हुशार पोराला तीन ओळी देतात, मंद पोराला एक, आणि दोघांनाही शाबासकी सारखीच. एखाद्याची चूक झाली तर नाव न घेता म्हणतात, "काही लोक इथे घाई करतात," आणि ज्याचे त्याला कळते. मुलांनी भलते प्रश्न विचारले, की मुंगीला दात असतात का, की जन्नतमध्ये सायकल असते का, तर ते सरळ सांगतात, "मला माहीत नाही." एकदा अण्णांनी विचारले, मुलांसमोर असे म्हणायला लाज नाही वाटत? हाफिजजी हसले. "आमच्यात मोठमोठे आलिम, विद्वान होऊन गेले, ते दहातल्या सात प्रश्नांना हेच म्हणत. मी तर अमझेऱ्याचा. इल्म, हे ज्ञान, माझं नाही, भिया. माझ्या उस्तादांनी त्यांच्या उस्तादांकडून घेतलं, मी त्यांच्याकडून. अमानत आहे, ठेव. जशी मिळाली तशी पुढे द्यायची. माझ्या हातून त्यात काही सांडलं, तर पुढची सगळी पोरं ते सांडलेलंच शिकतील."

हे वाक्य ध्यानात ठेवा. त्या माणसाला भीती कशाची होती, हे त्यात आहे.

आता मी सांगणार आहे ते याच वर्षीचे आहे. मुलांशी आणि शागीर्दांशी हाफिजजी आपल्या माळवी-उर्दूत बोलतात. मी ते माझ्या मराठीत सांगते, मध्ये मध्ये त्यांचे शब्द तसेच ठेवते.

रमजानच्या महिन्यात रात्री एक लांब नमाज असते, तरावीह. तिच्यात हाफिज पुढे उभा राहून रोज थोडे थोडे करत महिन्याभरात अख्खे कुराण म्हणतो. हातात पुस्तक नाही, समोर नाही. मागे एक जाणकार माणूस कान देऊन उभा असतो. पुढचा चुकला, अडकला, की त्याने तिथल्या तिथे बरोबर ओळ म्हणायची. याला लुकमा देणे म्हणतात. लुकमा म्हणजे घास. पाठांतर ही फार पळपुटी गोष्ट आहे, मित्रांनो. अण्णांनी एकोणतिसाचा पाढा कोरून ठेवला तसे कुराण डोक्यात कोरता येत नाही. रोज म्हणावे लागते, नाहीतर निसटते. त्यात सारख्या दिसणाऱ्या ओळी किती! एकच ओळ दोन ठिकाणी येते आणि पुढे वाट फुटते. म्हाताऱ्या हाफिजाचा पाय नेमका तिथे चुकीच्या वाटेवर पडतो आणि तो न अडखळता, सुरेल आवाजात, भलत्याच गावाला निघून जातो.

म्हणून रमजानच्या आदल्या महिन्यात हाफिजजी उजळणी करतात. तीस भाग, तीस दुपारी. एका भागाला पारा म्हणतात. ते डोळे मिटून म्हणतात, समोर एक जण माझ्यावर कुराण उघडून ओळीवर बोट ठेवून ऐकतो. इतकी वर्षे ऐकायला बशीर साहेब असायचे, तेही हाफिज, आणि स्वभावाने महा खाष्ट. एका पाऱ्यात तीन-चार वेळा तरी "उंहू!" करून अडवायचे. यंदा हिवाळ्यात बशीर साहेब गेले.

त्यांच्या जागी तुफैल आला. तुफैल चौतीस वर्षांचा, हाफिजजींचाच शागीर्द, पंधराव्या वर्षी माझ्यावरच हाफिज झालेला. मध्ये सात वर्षे देवासला कारखान्यात होता. आता अमझेऱ्याच्या बसस्टँडवर त्याचे विहिरीच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचे दुकान आहे. बोटांना कायम वार्निशचा वास. त्याची आठ वर्षांची अलफिया सकाळच्या वर्गात येते. ती माझ्यावर इतक्या बिनधास्त लिहिते की मी जागचे हलत नाही.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी हाफिजजी अर्ध्यावर आले आणि तुफैलचे बोट थांबले.

हाफिजजी म्हणतच होते. डोळे मिटलेले, आवाज तोच, मोठा गोड. पण बोट पुढे सरकेना. ते ओळीवर दाबले गेले, आणि मी कलले. मला कळले. हाफिजजी दुसऱ्या वाटेने गेले होते. तुफैलचे ओठ उघडले. आता बोलेल, म्हटले. ते पुन्हा मिटले, आणि त्याने चार ओळी खाली बोट नेऊन त्यांना गाठले.

"झाला पारा?" शेवटी हाफिजजींनी डोळे उघडून विचारले.

"जी, उस्ताद. माशाल्ला."

"कुठे अडकलो नाही ना?"

"नाही, उस्ताद."

तिसऱ्या दिवशी दोनदा. पाचव्या दिवशी चारदा. प्रत्येक वेळी बोट दाबले जाई, मी कले, आणि तुफैल गप्प. जाताना तो रुमालाने कपाळ पुसत असे. मी काय करणार? मला तोंड नाही. मी नुसते डुगडुगत होते. रात्री रिकाम्या खोलीतही मला स्वस्थता नव्हती. वीस दिवसांनी, पंधरा दिवसांनी, बारा दिवसांनी रमजान लागेल. हा माणूस तीनशे लोकांपुढे उभा राहील. मागे हाच तुफैल असेल, असाच गप्प. आणि ज्या सांडण्याला हाफिजजी जन्मभर भ्याले, ते त्यांच्याच हातून, सगळ्यांच्या कानांवर, रोज सांडेल. त्यांना कोणी सांगणारसुद्धा नाही.

अण्णा रोज चारला चहाला येतात. माझ्या काठावर कप ठेवतात आणि म्हणतात, "मेज माझंच आहे, विसरू नका." अठराव्या दिवशी त्यांनी विचारले, "काय हो हाफिजजी, कशी चाललीय परीक्षा?"

"अल्लाचा करम आहे. अठरा दिवस झाले, एकदाही टोकलं नाही त्यानं."

अण्णांनी बशीत फुंकर मारली. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"आणि बशीर साहेब?"

"ते रोज तीन-चारदा टोकायचे. त्यांना सवयच होती."

"मी पस्तीस वर्षं पेपर तपासले," अण्णा म्हणाले. "बीजगणितात एखाद्याला शंभरपैकी शंभर पडले की मी आधी खूश व्हायचो, आणि मग पेपर परत तपासायचो. तुमचं वय वाढलंय आणि चुका कमी झाल्यात. असा आलेख मी तरी फळ्यावर कधी काढला नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि ते पोरगं बाहेर पडताना घाम का पुसतं? म्हणताय तुम्ही. तो नुसता ऐकतोय."

हाफिजजींचा चहा तसाच राहिला. वर साय धरली.

एकोणिसाव्या दिवशी तुफैल आला, बसला, कुराण उघडले. हाफिजजींनी डोळे मिटून सुरुवात केली. त्या दिवशी त्यांचा आवाज फार सावध होता. पाच पाने झाली. मग ते एक क्षण थांबले, श्वास घेतला, आणि पुढे म्हणू लागले.

तुफैलचे बोट पानाच्या पहिल्या ओळीवर होते. ते गोंधळले, खाली गेले, वर आले. मग त्याने हलक्या हाताने पान उलटले. माझ्यावरचा कागद सरकल्याचा आवाज झाला न झाला. पुढच्या पानावर त्याला ती ओळ सापडली. बोट तिथे ठेवून तो ऐकू लागला.

हाफिजजी थांबले. डोळे उघडले.

"तुफैल, आता कुठलं पान?"

तुफैलने आकडा सांगितला.

"त्याच्या आधीचं कोणी वाचलं?"

तुफैलने बोट पानावरून उचलले. बाहेर बसस्टँडकडे कंडक्टर सरदारपूर, सरदारपूर ओरडत होता.

"मी एक हर्फ, एक अक्षर बदललं नाही, अल्ला माफ करो," हाफिजजी हळू आवाजात म्हणाले. "मी फक्त एक पान सोडून पुढच्या पानापासून सुरू केलं. मुद्दाम. अख्खं पान, बेटा. आणि तू ते माझ्यासाठी उलटलंस."

तुफैलने मान खाली घातली.

"या अठरा दिवसांत किती?"

"उस्ताद..."

"किती?"

"मोजले नाहीत. कधी दोन, कधी पाच. सुरुवातीच्या पाऱ्यांत जास्त."

हाफिजजींनी दोन्ही हात माझ्यावर ठेवले. मित्रांनो, इतका भार टाकला की मी एकदम कलले. मला वाटले आता ओरडतील. ओरडले असते तर बरे झाले असते, तुफैलही मोकळा झाला असता. त्यांनी विचारले, "का नाही टोकलंस? मी उस्ताद आहे म्हणून, की म्हातारा झालोय म्हणून?"

"दोन्ही." आणि मग, इतक्या हळू की हाफिजजींना पुढे वाकावे लागले, "आणि एकदा टोकलं होतं."

"कधी?"

"चौथीत होतो. याच मेजावर. तुम्ही एक ओळ चुकलात, मी हात वर केला. तुम्ही म्हणालात, 'लो भाई, तुफैल मियाँ आ गए. कल से ये पढ़ाएँगे, मैं घर बैठ के मेथी साफ करूँगा.' सगळी पोरं हसली. वर्षभर मला छोटे उस्ताद म्हणायची. मेथीची जुडी दिसली की दाखवायची." तो कसनुसा हसला. "बीवी अजून विचारते, मेथी का खात नाही म्हणून."

मला तो दिवस आठवतो. हाफिजजी कुठूनसे थकून आले होते, डोळे लाल होते, आणि पोर बरोबर होते. त्याने दुसऱ्या दिवशी माझ्यावर इतके दाबून लिहिले की बोरूचे टोक मोडले. तेव्हा मी किती हलले! पण हाफिजजींचे त्या दिवशी लक्ष नव्हते. पंचवीस वर्षे ते मनात आहे माझ्या.

हाफिजजींनी आठवून पाहिले. "मला आठवत नाही," ते म्हणाले. "म्हणजे ते जास्तच वाईट. तू जखम घेऊन फिरलास आणि मारणाऱ्याला पत्ताही नाही."

"जाऊ द्या, उस्ताद."

"कसं जाऊ देऊ? तू हाफिज झालास तेव्हा मी गावभर मिठाई वाटली. म्हटलं, पक्का तयार केलाय. पक्का कसला! ओळी शिकवल्या, आणि ओळीसाठी तोंड उघडायची हिंमत काढून घेतली. ते पान तू नाही उलटलंस, बेटा. मीच उलटलं, पंचवीस वर्षांपूर्वी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अलफियाला सोडायला तुफैल आला, तेव्हा हाफिजजींनी त्याला आत बोलावले. चौदा मुले बसली होती. हाफिजजी उभे राहिले. ते शिकवताना कधी उभे राहत नाहीत, त्यामुळे मुलेही घाबरून उभी राहिली.

"बसा, बसा. हा तुफैल तुमच्याएवढा होता तेव्हा माझी एक चूक झाली होती. यानं ती दाखवली. तो बरोबर होता. मी त्याची चेष्टा केली, सगळ्यांसमोर. ती चेष्टा वर्गात केली, तर माफीही वर्गातच मागायला हवी. तुफैल, मला माफ कर."

तुफैलला कुठे बघावे ते कळेना. "उस्ताद, खुदा के वास्ते..." एवढेच तो म्हणू शकला.

अलफियाने हात वर केला. "उस्ताद, अब्बू खरंच बरोबर होते?"

"एकदम बरोबर."

"घरी तर कधीच नसतात."

चौदा मुले हसली, हाफिजजी हसले, आणि शेवटी तुफैलही हसला. मला वाटले, चला, संपले एकदाचे. पण माणसांचे असे एका सकाळीत संपत नाही.

त्या दुपारपासून तुफैल टोकू लागला. पहिल्या दिवशी नऊ वेळा. प्रत्येक वेळी तो आधी कपाळ पुसायचा, मग ओळ म्हणायचा. माफी मागणे हाफिजजींना जमले होते; टोकून घेणे त्याहून अवघड निघाले. चौथ्या वेळेला त्यांचे कान लाल झाले. सहाव्या वेळेला ते तडकले, "मालूम है!" तुफैलने बोट मागे घेतले. हाफिजजी उठले, खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. दोन खोल्यांची जागा, तिच्यात चकरा मारून मारून किती मारणार? मग येऊन बसले. "नाही, मालूम नव्हतं. परत सांग." तुफैलने परत सांगितले.

असे चार दिवस चालले. रोज चार-चार पारे घेत, पुढचे संपवून ते पुन्हा सुरुवातीच्या पाऱ्यांवर आले. तिथे फार गळती होती. एकदा एकाच ओळीवर तीनदा चुकून हाफिजजी नुसते बसून राहिले, आणि तुफैलच्या डोळ्यांत पाणी आले, तरी त्याने चौथ्यांदा ओळ सांगितली. मी आतून बाहेरून हलत होते. टोक, टोक, म्हणत होते, आणि त्याच वेळी, पुरे कर रे आता, असेही वाटत होते.

त्या दिवशी चहाच्या वेळी हाफिजजी म्हणाले, "अण्णा भिया, यंदा मी पुढे उभा राहणार नाही. तुफैल राहील. मी मागे."

अण्णांनी कप खाली ठेवला. "अडतीस वर्षं झाली."

"हो."

"मला निवृत्तीचं पत्र सरकारनं दिलं होतं," अण्णा म्हणाले. "मी तरी चार दिवस जेवलो नव्हतो. तुम्ही तर स्वतःच लिहिताय स्वतःला." मग नाक पुसून, "साखर कमी आहे आज."

तुफैल मात्र तयार होईना. "लोक म्हणतील मी तुमची जागा घेतली. लोकांचं जाऊ द्या, तुम्ही मागे असताना माझी जीभ उचलणार नाही. तुम्ही नुसता घसा खाकरलात तरी मी अडकेन."

"म्हणूनच आता तू म्हणशील, मी ऐकेन," हाफिजजी म्हणाले. "दिवस थोडे राहिलेत."

मग उलटी उजळणी सुरू झाली. तुफैल दुकानाचे शटर अर्धे ओढून धावत यायचा आणि डोळे मिटून म्हणायचा. हाफिजजी समोर बसायचे. तुफैलचे पाठांतर घट्ट होते. देवासच्या सात वर्षांत बसमध्ये, पाळीवर, त्याने ते रोज म्हटले होते, हे मला तेव्हा कळले. पण हाफिजजींची नुसती बोटे हलली तरी त्याचा आवाज पडे.

शेवटची दुपार. दुसऱ्या संध्याकाळी चंद्र दिसणार होता. हाफिजजींनी कुराण उघडले होते, पण जुन्या सवयीने त्यांनी डोळे मिटले होते. आयुष्यभर त्यांनी मुलांचे असेच ऐकले, पुस्तकाकडे न बघता. तुफैल सुरात होता. दोन पाने झाली, तिसरे लागले.

"उंहू," हाफिजजी म्हणाले, आणि त्यांनी ओळ म्हणून दाखवली.

तुफैल थांबला.

मला पान दिसत होते, मित्रांनो. वाचता येत नाही मला, पण अडतीस वर्षे हीच पाने माझ्यावर उघडत आली आहेत. कुठल्या आवाजाला कुठली ओळ, एवढे कळते. तुफैल बरोबर होता. हाफिजजींचाच पाय भलत्या वाटेवर गेला होता.

तुफैलने कपाळ पुसले. त्याचे हात माझ्यावर आले, बोटे पांढरी होईपर्यंत दाबली गेली. हो म्हटले असते तर उस्ताद खूश, सगळे सुखाने पुढे. मी श्वास धरला, म्हणजे मेजाला जेवढा धरता येतो तेवढा.

"उस्ताद," तो म्हणाला. त्याने पुन्हा सुरुवात केली. "उस्ताद, किताबमध्ये बघा. मी बरोबर आहे."

हाफिजजींनी डोळे उघडले. चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. पानावर वाकून त्यांनी ओळीखाली बोट धरले आणि एक एक शब्द करत शेवटपर्यंत नेले. मग पुन्हा पहिल्यापासून. किती वेळ लागला, सांगता येत नाही.

"हो," ते म्हणाले. "तू बरोबर आहेस."

मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी अडतीस वर्षांत पाहिले नव्हते. कोणी पहिल्यांदा अख्खे कुराण पुरे केले तरी ते असे हसले नव्हते. "आज तू माझा शागीर्द झालास," ते म्हणाले. "चल, पुढे म्हण. थांबू नकोस."

तुफैल म्हणू लागला.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला मोठ्या गोष्टी सांगता येत नाहीत. माझी काळजी घ्या, धूळ पुसा, ओल्या जागी टाकू नका, हे सगळी मेजे सांगतील. मी एवढेच विनवते: तुमचेही कोणी शिक्षक आता म्हातारे होत असतील. त्यांच्या पाया पडा, सलाम करा, जशी तुमची रीत असेल तसे करा. पण त्यांच्यासमोर पुस्तक उघडे ठेवून बसा, आणि ते चुकले तर सांगा. हळू सांगा, प्रेमाने सांगा, पण सांगा. त्यांच्यासाठी गुपचूप पान उलटू नका. आणि उद्या तुम्हीच कोणाला शिकवायला बसलात, आणि समोरच्या एखाद्या पोराने हात वर केला, तर आधी ओळीवर बोट ठेवून बघा. त्याच्यावर हसू नका.